झटका मशीनची बॅटरी आणि पुष्याचा फोटो

हरभऱ्यात डुकरं शिरली त्याला मीच जबाबदार आहे हे आधीच कबूल करून टाकतो, कारण गावातले पोट्टे माझ्या पोस्ट आमच्या बाबांना वाचून दाखवतात आणि मग घरी वेगळी सुनावणी होते.

झालं असं की माझ्या दुर्बिणीची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि वावरात १२ व्होल्टची चांगली चार्ज झालेली बॅटरी एकच, ती झटका मशीनची (डुकरं येऊ नये म्हणून कुंपणाच्या तारेला झटका देते ते). जानेवारी संपत आलेला, अमावस्या जवळ, आभाळ धुतल्यासारखं, संध्याकाळी सातलाच कृत्तिका डोक्यावर. म्हटलं दोन तास बॅटरी काढू, फोटो काढू आणि परत जोडून देऊ. फोटो काढले, बॅटरी बंडीवर ठेवली, दुर्बीण घडी करून घरी आणली आणि झोपलो. परत जोडायचं राहिलं ते राहिलंच. सकाळी बाबा धुऱ्यावर उभे, दीड गुंठा हरभरा नांगरल्यासारखा झालेला, आणि ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तर मुद्दा असा की हा छंद मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बसून करतो, आणि लोकांना वाटतं यासाठी लाखाचं सामान लागते. माझी दुर्बीण सेकंडहँड आहे, १३० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण पाच इंची आरसा, ६५० मिलिमीटर फोकल लेंथ. कॅमेरा माझा नाहीच, तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा जुना डीएसएलआर आहे. यात एक गोम आहे. कृत्तिका, रोहिणी, गुरू हे सगळं बघायचा सिझन म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यापासून पुढे, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई सुरू. तारीख आकाशात चांगली की मंगल कार्यालयात चांगली, दोन्ही एकदमच येतात. कॅमेरा मिळते तो पंगत उठल्यावर, कधी कधी लेन्सच्या खाचेत हळद असते.

पहिला धडा मला मिळाला १५ नोव्हेंबर २०२४ ला. कार्तिक पौर्णिमा. माझं लॉजिक असं होतं की कार्तिक महिन्याला नावच कृत्तिकेवरून पडलं, म्हणजे कृत्तिकेचा फोटो काढायला यापेक्षा चांगला दिवस कोणता. अंगणात सगळं मांडलं, वर पाहिलं तर पूर्ण चंद्र कृत्तिकेच्या अगदी बाजूला येऊन बसलेला आणि तारे गायब. मग डोक्यात उजेड पडला की महिन्याला ते नाव पडलं कारण पौर्णिमेचा चंद्र त्या नक्षत्राजवळ असतो. म्हणजे वर्षभरात कृत्तिकेसाठी सगळ्यात भंगार रात्र कोणती तर तीच, आणि मी मुद्दाम ती निवडली. आई ओट्यावरून म्हणे, "चंद्राचा तरी काढून घे नं मंग, येवढा खटाटोप केला तं." काढला. तोच फोटो गावात सगळ्यात जास्त फॉरवर्ड झाला.

दुसरी भानगड कॅमेरा दुर्बिणीला लावल्यावर कळली. डोळ्याने सगळं मस्त दिसते, कॅमेरा लावला की फोकसच होत नाही. फोकसर पार आत ढकलला तरी तारे वाटाण्याएवढे गोल. या टाइपच्या दुर्बिणीत प्रतिमा नळीच्या बाहेर जिथे तयार होते त्याच्यापेक्षा कॅमेऱ्याचा सेन्सर मागे राहते, आणि फोकसर अजून आत जायला जागा नसते. उपाय दोन, एक तर बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारी जादा लेन्स लावायची, पण मग कृत्तिकेसारखा पसरट गुच्छा फ्रेममध्ये मावत नाही, नाहीतर खालचा मोठा आरसाच पुढे सरकवायचा. मी आरसा सरकवला. दारव्ह्याच्या हार्डवेअरमधून लांब बोल्ट आणि स्प्रिंगा आणल्या, तीन सेंटिमीटर वर उचलला, आणि हे करताना आरशाचं कोलिमेशन, म्हणजे आरशांची सरळ जुळणी, असं बिघडलं की पुढचे आठ दिवस प्रत्येक तारा शेपटीवाला निघत होता. दुकानदार विचारे कोणत्या गाडीचे बोल्ट पाहिजे. मी म्हटलं आरशाचे. त्याने ड्रेसिंग टेबलचे दाखवले.

फोकससाठी पुठ्ठ्याचा एक जुगाड सांगतो, हा खरंच कामाचा आहे. बाहतिनोव्ह मास्क म्हणतात त्याला. दुर्बिणीच्या तोंडाएवढा गोल पुठ्ठा घ्यायचा आणि त्याच्यात जाळीसारख्या फटी पाडायच्या, अर्ध्या भागात आडव्या एका दिशेने, उरलेल्या अर्ध्याचे दोन भाग करून एकात तिरप्या डावीकडे आणि दुसऱ्यात तिरप्या उजवीकडे. ही जाळी तोंडावर ठेवून ठळक ताऱ्याकडे बघितलं की ताऱ्याला फुलीसारख्या रेषा फुटतात आणि मधून एक तिसरी रेष जाते. फोकस फिरवला की ती मधली रेष सरकते, बरोबर फुलीच्या मध्यात आली की हात काढायचा. मी ही बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापली, ब्लेडने, दोन तास लागले, एका बाजूला अजून कपाशीच्या बोंडाचं चित्र आहे. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी येवढी मेहनत कशाला असं मित्र म्हणे, पण त्या वेळी माझ्याकडे दोनशे नव्हते आणि पुठ्ठा होता.

आता ध्रुव. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, माझ्या फोकल लेंथला एक सेकंद जरी मोटरशिवाय शटर उघडं ठेवलं तरी तारा रेघ ओढते. म्हणून स्टँडचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागते, मग मोटर त्या अक्षावर हळूहळू फिरवते. बाहेरच्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघितले तर त्यांचा ध्रुव पन्नास अंशावर, झकास उंच. आपल्याकडे अक्षांश वीस, म्हणून ध्रुव वीस अंशावर, हात लांब करून वीत धरली की तेवढाच. आमच्या अंगणातून तो बरोबर शेजारच्या काकांच्या लिंबाच्या झाडात. त्यात स्टँड येवढा खाली वाकवला की तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा खालच्या पायावर आदळते, मग स्टँड फिरवून दोन पाय उत्तरेला करायचे म्हणजे वजन त्यांच्या मधून जाते, आणि बुडाला एक दगड बांधायचा नाहीतर सगळं उलथते.

लिंबाचं झाड, वरून मागच्या वर्षी घरासमोर लागलेला एलईडीचा खांब. आधी लाईन गेली की सगळं गाव कावायचं आणि मी एकटा खुश, आता इन्व्हर्टरमुळे तेही गेलं. म्हणून अंगण सोडून वावरात गेलो. तसंही हिवाळ्यात बाबा जागलीला जातातच, रोही आणि डुकरांसाठी, तर मी सोबत. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ते आपल्याच विदर्भात, जायची लय इच्छा आहे. पण अमावस्येला आमच्या वावरातूनही आकाशगंगा दिसते, तिकीट नाही, फक्त दव आणि डास.

कृत्तिकेचा फोटो शेवटी त्याच झटका मशीनच्या रात्री जमला. पंधरा-पंधरा सेकंदांचे १२० फोटो, म्हणजे अर्धा तास. मोटर स्वस्तातली, म्हणून त्यातले चाळीसेक हलले ते फेकले, बाकीचे लॅपटॉपवर डीप स्काय स्टॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. शिवाय झाकण लावून काढलेले वीसेक काळे फोटो, सेन्सरचा स्वतःचा कचरा वजा करायला. जुना लॅपटॉप रात्रभर घुरघुरत होता, आईने दोनदा विचारलं पेटणार तं नाई नं. सकाळी स्क्रीनवर बघितलं तर डोळ्याला जिथे सहा-सात दिसतात तिथे शेकडो, आणि ठळक ताऱ्यांभोवती, एकाभोवती तर स्पष्टच, निळसर धुवारी. ती धूळ आहे, ताऱ्यांच्या उजेडाने चमकणारी. तो उजेड तिथून निघाला त्याला साधारण ४४० वर्षं झाली. हे सगळं मी डोळे फाडून बघत होतो आणि त्याच वेळी बाबा धुऱ्यावर हरभरा बघत होते.

गुरूच्या चंद्रांचं वेगळं आहे, ते सोपं आहे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी असं माझं मत. ७ डिसेंबर २०२४ ला गुरू पृथ्वीच्या बरोबर समोर होता, रोहिणीच्या बाजूला, रात्रभर वर. कॅमेरा लग्नात होता म्हणून मी मोबाईल लावला, आयपीसवर (डोळा लावायचं भिंग) होल्डरने घट्ट बसवून, प्रो मोडमध्ये आयएसओ चारशे आणि शटर एक पंधरांश सेकंद. यात गुरू स्वतः जळून पांढरा होते, त्याचे पट्टे बिट्टे काही येत नाहीत, पण आजूबाजूला चार ठिपके एका ओळीत टचकन उमटतात. पट्टे पाहिजे असतील तर शटर खूप कमी करावं लागते आणि मग चंद्र जातात. एकाच फोटोत दोन्ही मस्त आलेले कुठे बघितले तर बहुतेक वेळा दोन फोटो जोडलेले असतात. मला यात काही गैर वाटत नाही, सांगून केलं म्हणजे झालं.

एक फोटो काढला की काही विशेष नाही. गंमत रोजच्या फोटोत आहे. मी नऊ रात्री, आठ वाजता, एकच फ्रेम काढली आणि सगळ्या एकाखाली एक लावल्या. पहिल्या रात्री डावीकडे तीन उजवीकडे एक, दुसऱ्या रात्री दोन-दोन, एका रात्री तीनच. मला वाटलं फोटो बिघडला, परत काढला, तरी तीनच. मग स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये बघितलं तर आयओ, गुरूचा सगळ्यात आतला मोठा चंद्र, गुरूच्या सावलीत गेलेला. अर्ध्या तासाने तो हवेतून आल्यासारखा हळूहळू उजळला. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं, रोज रात्री कागदावर ठिपके मांडले, आणि त्याच्या लक्षात आलं की हे गुरूभोवती फिरतात. आणि १६७६ मध्ये रोमर नावाच्या माणसाने याच आयओच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात यावरून दाखवलं की उजेडालाही यायला वेळ लागते. पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ग्रहण उशिरा दिसते. आयओला एका चकरेला पावणेदोन दिवस लागतात, युरोपाला साडेतीनच्या वर, गॅनिमीडला सात, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा. पहिल्या तिघांचा हिशेब असा जमलेला की गॅनिमीडची एक चक्कर होईस्तोवर युरोपाच्या दोन आणि आयओच्या चार.

बाबांना हे समजावताना मी खळ्याचं उदाहरण दिलं. म्हटलं मधल्या मेढीला बैलांची पात बांधतात तसं, गुरू म्हणजे मेढ आणि हे चार बैल. बाबा दोन मिनिटं फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "अबे, पातीतले बैल संगंच फिरतेत, आतला सावकाश अन् बाहेरचा पयत. हे तं उलटंच हाय. आतला चार डाव अन् बाहेरचा एक डाव. हे पातीतले नोहेत, सुटे हायत." शंभर टक्के बरोबर. दावं नाही, जो जितका जवळ त्याला तितकं जोरात पळावं लागते. माझं उदाहरण फेल आणि त्यांचं करेक्शन पास.

शनीचा चंद्र टायटन डिसेंबरमध्येच पकडला. कड्या तेव्हा जवळजवळ आडव्या झालेल्या, सुईसारख्या, मार्च २०२५ मध्ये तर पूर्ण काठावर आल्या. टायटन आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारा मंद, त्याला चार सेकंद द्यावे लागले, शनी त्यात नुसता बल्ब. पण तिथे ठिपके बरेच होते, कोणता टायटन आणि कोणता मागचा कुठला तारा हे कसं ओळखायचं? सोपं आहे, सोळा दिवसांची त्याची फेरी, म्हणून आठ दिवसांनी परत फोटो काढायचा. जो ठिपका शनीच्या एका बाजूवरून तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला गेला तो टायटन. ह्युजेन्स नावाच्या शास्त्रज्ञाला १६५५ मध्ये सापडला तो.

आता पुष्य. खरं म्हणजे ही पोस्ट पुष्यासाठीच लिहायला बसलो होतो.

आमच्याकडे पुष्य म्हणजे पाऊस. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस आणि पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस. पंचांगात दर नक्षत्राचं वाहन असते, बेडूक का गाढव का म्हैस, त्यावरून बाबा डवऱ्याचं आणि खताचं ठरवतात, निदान बोलताना तरी. त्यांच्यासाठी ही नावं आकाशातली नाहीतच, पाण्याची आहेत. फेब्रुवारीत महाशिवरात्रीच्या रात्री आम्ही दोघं वावरात होतो, हरभरा सोंगणीला आलेला (जो उरला तो), शेकोटी पेटवलेली, आणि मी म्हटलं बाबा, आज पुष्याचा फोटो काढतो.

"पुष्य? आता?"

"हो, वर पाहा ना, बरोबर डोक्यावर."

"येडा झाला का? पुष्य जुलैत लागते. आता शिवरात्र हाय."

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला तीन वर्षांचे यूट्यूब व्हिडिओ कमी पडले. शेवटी शेकोटी कामात आली. बाबांना म्हटलं इस्तो म्हणजे सूर्य, तुम्ही पृथ्वी, आणि तो झटका मशीनचा खांब म्हणजे पुष्य. शेकोटीच्या या बाजूला उभे राहा, शेकोटीकडे तोंड करा, खांब कुठे आहे? शेकोटीच्या मागे. दिसते का? नाही, उजेड डोळ्यावर येते. जुलैत असं असते. पुष्य लागला म्हणजे सूर्य त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, ते तारे दिवसा वर असतात आणि सूर्याच्या उजेडात बुडतात. आता चालत शेकोटीच्या त्या बाजूला या आणि पाठ फिरवा. बाबा खरंच चालत गेले, टॉवेल खांद्यावर, पाठ फिरवली, आणि खांब समोर. शेकोटीचा उजेड मागून खांबावर पडलेला. बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "म्हंजे तू सहा महिने आधी पाहून घेतो."

मला वाटते हे मी कधी असं बोललो नसतो.

पुष्याच्या ताऱ्यांच्या मधोमध एक पुंजका आहे, एम ४४, इंग्रजीत त्याला बीहाइव्ह म्हणतात, म्हणजे मधमाश्यांचं मोहोळ. नुसत्या डोळ्याला पुसट डाग, तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर होईल तेवढा रुंद. गॅलिलिओने दुर्बीण लावली तेव्हा त्या डागाचे चाळीसेक तारे झाले. आणि आमच्यासाठी खास गोष्ट ही की हा पुंजका दारव्ह्याच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जातो, एक अंशाचाही फरक नाही. फोटोवाल्यांना हे सोन्यासारखं, कारण डोक्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ. पण फाइंडरमधून (नेम धरायची छोटी दुर्बीण) बघायला मान इतकी मोडावी लागते की मी बाजेवर उताणा पडून रोखलं.

बाबांना आयपीसमधून दाखवलं. पंचवीस मिलिमीटरची आयपीस, २६ पट. एक डोळा मिटायला त्यांना जमत नाही, हाताने झाकला. बघत राहिले. "मोहोळ बरोबर म्हणे," मग, "चार-पाच लालसर हायत मंधात." ते खरंच आहेत, म्हातारे झालेले तारे, बाकीच्यांपेक्षा आधी फुगलेले, पण मला स्वतःला ते फोटो स्टॅक करेपर्यंत दिसले नव्हते. मग म्हणाले, "येवढं सारं हाय, पण यात थेंबभर पाणी नाई दिसून राह्यलं."

त्या रात्री बॅटरी झटका मशीनलाच होती, मोटर मी मोटरसायकलच्या बॅटरीवर चालवली, आणि सकाळी गाडीला किक मारून मारून पाय दुखला. फोटो ठीक आला. कृत्तिकेएवढा नाही, धूळबिळ काही नाही, काळ्यावर सांडलेली ज्वारी, त्यात चार-पाच दाणे लाल. फ्रेम करून घरात लावला आहे, देवघराच्या बाजूला पंचांग टांगतो त्याच्या खाली.

एप्रिलमध्ये ओमेगा सेंटॉरी केला, त्याबद्दल वेगळं लिहीन, पण थोडक्यात सांगतो की हा कोटीभर ताऱ्यांचा गोळा, १७ हजार प्रकाशवर्षांवर, आणि युरोपात बहुतेक ठिकाणी उगवतच नाही. आकाशातल्या पुसट डागांची यादी करणारा मेसिए पॅरिसला बसला होता म्हणून त्याच्या यादीतच नाही. आमच्या वावरातून तो दक्षिणेला बावीस अंशावर येतो, मध्यरात्री, तुरीच्या खुंटांच्या वर. दिवसा बेचाळीस डिग्री असते म्हणून आरसा थंड व्हायला तासभर लागते, तोवर तारे उकळत्या पाण्यातल्यासारखे दिसतात, पण ध्रुव खाली असण्याचा तोटा जो मी वर रडून सांगितला त्याचाच हा फायदा.

मग जून आला, आभाळ बंद. दुर्बीण ताडपत्रीत, आरशाजवळ सिलिका जेलच्या पुड्या, बुरशी लागू नये म्हणून. मोटर आणि कॅमेऱ्याची वायर आईने कुठेतरी "नीट" ठेवली, म्हणजे दिवाळीपर्यंत सापडणार नाही.

जुलैत पुष्य लागला त्या दिवशी दुपारपासून धो धो. पन्हाळी वाहून जात होती, मी आत मोबाईल बघत होतो. बाबा दारात उभे, धोतर गुडघ्यापर्यंत, हात बाहेर काढून पाऊस अंदाजत, आणि मागे न बघता म्हणाले, "बाबू, तुह्यं मोहोळ गळून राह्यलं पाय."